एका पट्टीखाली किती आवाज?

लग्नसराईत उरणहून न्हाव्याच्या रस्त्याला लागलं, की एक गंमत अनुभवायला मिळते. एका बाजूला बंदराचे दिवे आणि कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग. दुसऱ्या बाजूला गावातल्या मांडवातून येणारा हळदीचा दणदणाट. लांबून ऐकलं तर वाटतं, मांडवात निदान पंधरा-वीस वादक बसले असावेत. सनई आहे, व्हायोलिनचा ताफा आहे, मागे बायकांचा कोरस आहे, आणि खाली कुणीतरी ऑर्गनसारखा भरीव सूर धरून ठेवला आहे. जवळ जाऊन पाहावं, तर स्टेजवर चार पोरं. एक ढोलकीवर, एक ऑक्टोपॅडवर, एक गाणारा आणि एक कीबोर्डवाला. सनई, व्हायोलिनं आणि कोरसमधल्या सगळ्या बायका त्या एकट्याच्या दहा बोटांखाली!

ही किमया कशी होते आणि ती आपल्यापर्यंत कुठल्या वाटेनं आली, हे आज सांगायचं आहे. मी संगीतकार नाही. कविता लिहितो, आणि कुणी मागितलं तर गाणंही लिहून देतो. त्या निमित्तानं एका कीबोर्डवाल्या मित्राच्या खोलीत बऱ्याच रात्री काढल्या. त्या खोलीत जे शिकलो आणि जे गमावलं, तेही सांगणार आहे.

एका पट्टीवर बोट ठेवलं की एकाऐवजी दोन, चार किंवा आठ आवाज एकदम वाजावेत, या युक्तीला कीबोर्डवाले ‘लेयर’ म्हणतात. आपण थर म्हणू. आपल्याला वाटतं, ही संगणकाच्या युगातली गोष्ट. पण तुमच्या घरात जुनी पेटी असेल तर ती उघडून पाहा. चांगल्या हार्मोनियममध्ये सुरांच्या एकाहून जास्त रांगा असतात. कारागीर त्यांना खर्ज, नर आणि मादी म्हणतात. समोरचा खुंटा ओढला की त्या रांगेचं तोंड उघडतं. तिन्ही खुंटे ओढले, तर एका पट्टीला तीन आवाज बोलतात. कपलरची पेटी असेल तर एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरची दुसरी आपोआप खाली जाते. म्हणजे थर लावण्याची विद्या आपल्या आजोबांच्या पेटीत होतीच. फक्त तिला वीज नव्हती, भाता होता.

ही पेटी मूळची युरोपातली. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४० च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. तिथे ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारत वाजवायची. आपल्याकडे गाणारे-वाजवणारे जमिनीवर मांडी घालून बसणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी बनवली आणि ती देशभर पसरली. नाटकात गेली, कीर्तनात गेली, भजनात गेली, कव्वालीत गेली. मराठी रंगभूमीवर तर तिनं राज्यच केलं. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित हार्मोनियमवादक होते. पुढे पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला, त्याचं संगीतही त्यांचंच.

गंधर्व नाटक मंडळीच्या साथीची आठवण इथे काढायलाच हवी. बालगंधर्वांच्या मागे पायपेटी, म्हणजे ऑर्गन असे, सारंगीवर कादरबक्ष असत आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. ऑर्गनचा सूर सरळ आणि भरीव. सारंगीचा सूर वळणाचा, गळ्याच्या जवळ जाणारा. एकाची उणीव दुसरा भरून काढी. दोन वेगळ्या स्वभावांचे आवाज एकमेकांना न झाकता एकत्र कसे ठेवायचे, याचा तो वस्तुपाठ होता. आज कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर जे आकडे कमीजास्त करून साधावं लागतं, ते तिथे माणसं एकमेकांचं ऐकून साधत होती.

याच पेटीवर एकदा बंदी आली होती, हे आजच्या तरुणांना सांगितलं तर खरं वाटत नाही. आणि बंदी घातली कुणी? ज्या माध्यमातून मी आपल्याशी बोलतो आहे, त्या रेडिओनंच. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला मज्जाव झाला. तेव्हाचे कंट्रोलर लायनेल फील्डन यांना तो आवाज सहन होत नसे. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधात होते. आक्षेप दोन. पेटीचे बारा सूर ठरलेले, त्यामुळे रागातल्या श्रुती तिच्यात सापडत नाहीत. आणि एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड तिला घेता येत नाही. आक्षेप खोटे नव्हते. पण मैफलीतल्या, भजनातल्या आणि तमाशातल्या माणसांनी पेटी सोडली नाही. पु. ल. देशपांडे तर स्वतः उत्तम पेटी वाजवत आणि काही वर्षं आकाशवाणीच्या नोकरीतही होते! अखेर १९७१ च्या सुमारास ही बंदी सैल झाली. या दोन आक्षेपांपैकी मींडेचा आक्षेप लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आमच्या किनाऱ्यावर दुसरंही एक पट्ट्यांचं वाद्य रुजलं. त्याला आम्ही बेंजो म्हणतो. पाश्चात्त्यांच्या बँजोशी त्याचा संबंध नाही. त्याचं मूळ नातं जपानशी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य काढलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, आणि वीज जोडून कर्णा लावल्यावर मुंबई-कोकणात बेंजो झालं. माझ्या लहानपणी मी ते पहिल्यांदा ऐकलं ते उरुसात, कव्वालीच्या साथीला. संदलच्या मिरवणुकीत त्याच्यामागून चालत गेलो. मग गणपतीत पाहतो, तर तीच बेंजो पार्टी, तेच वादक, फक्त धून वेगळी. भाद्रपदात बाप्पापुढे आणि उरुसात पिराच्या दारी. त्या वाद्याला आपण कुणाच्या मिरवणुकीत आहोत हा प्रश्न कधी पडला नाही, आणि मागून नाचत चालणाऱ्या आम्हा पोरांनाही पडला नाही.

आता विजेच्या वाद्यांकडे येऊ. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन ऐकून लोक थिएटरात नाग आल्याच्या गोष्टी सांगत. ती बीन गारुड्याची नव्हती. ती क्लॅव्हायोलिन नावाच्या फ्रेंच विद्युत वाद्यावर कल्याणजींनी वाजवलेली होती. संगीत हेमंतकुमारांचं. अस्सल देशी वाटणारा तो आवाज एका छोट्या विलायती कीबोर्डमधून आला होता. पुढे रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली सिंथेसायझर बनवला आणि १९७० मध्ये त्याचं सुटसुटीत रूप ‘मिनीमूग’ बाजारात आलं. मुंबईच्या स्टुडिओत तो वाजवू लागणाऱ्यांत केरसी लॉर्ड हे पहिले. पण मिनीमूगला एका वेळी एकच सूर वाजवता येई. थर लावायचा तर एकावर एक ध्वनिमुद्रण करावं लागे.

खरं वळण १९८३ साली आलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ‘मिडी’ नावाची समाईक भाषा ठरली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात मोठा वाटा. आता एका कीबोर्डची पट्टी दाबली की वायरीनं जोडलेला दुसराही वाजे. त्याच वर्षी यामाहाचा ‘डीएक्स सेव्हन’ आला. १९८८ मध्ये कॉर्गचा ‘एम वन’ आला आणि सगळं एका पेटीत आलं. खऱ्या वाद्यांचे टिपून ठेवलेले आवाज, त्यांत बदल करण्याची सोय, ढोल-ताशे, परिणामयंत्रं आणि आठ ट्रॅकची नोंदवही. अशा यंत्राला ‘वर्कस्टेशन’ म्हणजे कामाचं टेबल म्हणू लागले. त्यात एका पट्टीवर आठपर्यंत आवाजांचे थर लावता येत.

पण फुकट काही मिळत नाही. त्या यंत्रात एका वेळी सोळाच स्वर वाजू शकत. आठ थर लावले तर सोळा भागिले आठ. दोन बोटं ठेवली की कोटा संपला, तिसरं ठेवलं की आधीचा कुठला तरी सूर गुपचूप कापला जाई. म्हणून जाणते वादक दोन-तीन थरांवर थांबत. हे गणित मला माझ्या कीबोर्डवाल्या मित्रानं समजावलं, तेव्हा वाटलं, कवितेतल्या विशेषणांचंही असंच असतं.

१९८८ ची ही गोष्ट. पुढच्याच वर्षी, २६ मे १९८९ रोजी, आमच्या खाडीत जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. त्याआधी या भागानं बरंच सोसलं होतं. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. बंदरासाठी शेव्याचा कोळीवाडा मूळ जागेवरून उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसला. भातखाचरं, मिठागरं, मासळीच्या जागा भरावाखाली गेल्या. त्यावर कंटेनरांचे थर लागले. गाव उठतं तेव्हा घरं मोजली जातात, झाडं मोजली जातात, त्यांची नुकसानभरपाई ठरते. गावाच्या आवाजाचा पंचनामा मात्र कुणी करत नाही.

मोबदल्याचा पैसा, बंदरातली नोकरी आणि आखातातून येणारे नातेवाईक यांच्यासोबत गावात कीबोर्ड आले. आधी छोटे. त्या सगळ्यांना, कंपनी कुठलीही असो, ‘कॅसिओ’च म्हणत. मग मोठे. नव्वदच्या दशकात बेंजो पार्टीत बेंजोच्या शेजारी कीबोर्ड उभा राहिला, आणि हळूहळू बेंजोवाल्याची जागाही त्यानं घेतली. असंच मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या सिनेसंगीतात झालं. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी चाळीस-पन्नास वादकांचे थर कागदावर लिहून रचले होते. सिंथेसायझर आल्यावर त्या वादकांपैकी अनेकांची कामं घटली. पट्टीखाली बसलेल्या प्रत्येक आवाजामागे एक उठलेली खुर्ची आहे, हे विसरता येत नाही.

आता त्या खोलीत चला. २००३ सालची गोष्ट. मित्र माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आगरी समाजातला, मला ‘भाई’ म्हणायचा. त्यानं एक जुनं पण मोठं वर्कस्टेशन घेतलं होतं. त्यात बाहेरचा आवाज टिपून घेण्याची सोय होती. त्याच्या मनात आलं, आपल्या लग्नाच्या गाण्यात खरीखुरी धवलारीण हवी. जे या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी जाणती बाई, ती धवलारीण. तिला शेकडो ओळी पाठ. साथीला वाद्य नाही. एकीनं म्हणायचं, दुसरीनं उचलायचं. पूर्वी तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नसे.

शेजारच्या गावातली एक वृद्ध धवलारीण आली. चटईवर बसली. तिनं एक धवला म्हटला. मित्रानं तिचा एक लांब सूर यंत्रात टिपला. मी मात्र शब्द उतरवायला सोपं जावं म्हणून माझा साधा टेपरेकॉर्डर बाजूला चालू ठेवला होता. मग मित्रानं तो टिपलेला सूर सगळ्या पट्ट्यांवर पसरला. मूळ सुराच्या आसपास आवाज आजीचाच होता. वर गेलं की सात वर्षांची मुलगी, खाली गेलं की राक्षस! आजी पदर तोंडाला लावून हसली. मग त्यानं थर लावले. खाली ऑर्गन, वर व्हायोलिनं, मग सनई, आणि सगळ्यांत वर आजी. पट्टी दाबली. खोली भरून गेली. आम्ही दोघं खूश. आजी गप्प. मग म्हणाली, “सगली येकदम बोलतान. मंग आयकाचा कोनाचा?”

थरांच्या संपादनाचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे. मित्रानं काम सुरू केलं ते वाढवण्याचं नाही, काढण्याचं. आधी व्हायोलिनं बंद केली. सनई आणि बाईचा गळा एकाच उंचीवर बोलतात, म्हणून दोघं एकमेकांना झाकत होते. सनई एक सप्तक खाली उतरवली, तिची धार फिल्टरनं बोथट केली. मग प्रत्येक सुराच्या जन्म-मरणाकडे वळला. यंत्रात सूर उगवतो किती वेगानं, टिकतो किती, आणि बोट उचलल्यावर मावळतो किती वेळात, याचे वेगवेगळे आकडे असतात. ऑर्गन त्यानं हळू उगवणारा केला, म्हणजे आजीचा आवाज आधी ऐकू यावा आणि आधार मागून यावा. सनई जोरानं पट्टी दाबली तरच वाजेल अशी केली. हळू वाजवलं तर आजी एकटी, जोर दिला तर सनई सोबतीला. डाव्या हाताच्या दोन सप्तकांतून आजीला काढून टाकलं, म्हणजे तो राक्षसही गेला. खोलीच्या घुमाऱ्याचा परिणाम कमी केला, कारण आजी मंदिरात नाही, ओटीवर गाते.

आणि मींड? कीबोर्डच्या डाव्या टोकाला एक दांडी असते. ती ढकलली की सूर वर-खाली घसरतो. उजव्या हातानं पट्टी धरायची आणि डाव्यानं ती दांडी श्वासाएवढी हलवायची. मित्र सनई वाजवताना हे इतकं सफाईनं करायचा, की १९४० साली रेडिओनं पेटीवर घेतलेला आक्षेप या वाद्यानं निदान अर्धा फेडला, असं मला वाटलं. श्रुतींचा अर्धा मात्र तसाच होता. आजीचा गळा ज्या ठिकाणी गंधार लावत होता, ते ठिकाण कुठल्याच पट्टीखाली नव्हतं. मित्रानं पट्ट्याच किंचित उतरवून आजीच्या जवळ नेल्या. माणसाला वाद्याच्या सुरात आणण्याऐवजी वाद्याला माणसाच्या सुरात आणलं. ते पाहून आजीनं मान हलवली.

रात्रीचे अकरा वाजले होते. अशा यंत्रात केलेला बदल ‘राइट’चं बटण दाबून नोंदवावा लागतो, आणि बाहेरून टिपलेला आवाज डिस्कवर उतरवावा लागतो. नाहीतर यंत्र बंद झालं की सगळं पुसलं जातं. मित्र म्हणाला, “भाई, चहा घेऊ, मग सेव्ह करतो.” चहा यायच्या आत वीज गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळे थर आठवून पुन्हा लावले. आकडे पाठ होते. आजीचा सूर तेवढा नव्हता. ती मुलीकडे निघून गेली होती. बोलावू, बोलावू म्हणता पुढचा पावसाळा आला, आणि त्या पावसाळ्यात ती गेली. मित्रानं त्या जागी यंत्रातला तयार कोरस घातला. गाणं झालं, चार लग्नांत वाजलंही. आजही मांडवातून बायकांचा कोरस ऐकू आला, की मला त्या पट्टीखालची रिकामी जागा ऐकू येते.

या सगळ्याचा दोष मी यंत्राला देत नाही. यंत्रानं अनेक गावच्या पोरांना पोटापाण्याला लावलं. जी गाणी मुंबईच्या स्टुडिओशिवाय होत नसत, ती खोलीत होऊ लागली. पट्टी दाबली की आवाज येतो, म्हणून तो आवाज आपल्याकडे आहे असा भ्रम मात्र होतो. पट्टीखाली सनई असली म्हणून सनईवाला गावात असतोच असं नाही. म्हणूनच की काय, काहींना माणसांकडे परतावंसं वाटतं. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी अमेरिकेतल्या स्टुडिओत जाऊन प्रत्यक्ष सिंफनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं, ते याच ओढीनं असावं.

माझ्या स्वतःच्या भाषेतही थर आहेत. घरी कोकणी मुसलमानांची बोली, मदरशात उर्दू, शाळेत मराठी. लोक विचारतात, मग कविता मराठीतच का? पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचो. आता त्या खोलीतली रात्र आठवते. मी मराठीचा आवाज वर ठेवला आहे. बाकीचे खाली आहेत, बंद केलेले नाहीत. जोर दिला की तेही वाजतात.

माझ्या टेपरेकॉर्डरमधली ती कॅसेट मात्र शाबूत राहिली. तिच्यात थर एकच आहे. आजीचा गळा, मागे पंख्याची घरघर, आणि मध्येच लांबून जाणाऱ्या ट्रेलरचा हॉर्न. मी ती संगणकावर उतरवून घेतली आहे. तिच्या नातवंडांना दिली आहे. वर आजीचं नाव, गाव आणि साल लिहिलं आहे.

तुमच्या गावात अजून कुणी धवलारीण असेल, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी असेल, सनईवाला किंवा बेंजोवाला असेल, तर त्यांना एकदा नुसतं टिपून घ्या. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. मागे काही लावू नका, वर काही चढवू नका. थर नंतर कुणीही लावील. आणि हो, चहा नंतर घ्या. आधी सेव्ह करा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)